चौघी मैत्रिणी, बँकॉक आणि कमी बजेट: कोल्हापुरातून कसं जमवायचं

मैत्रिणींबरोबर परदेशात जायचं हा विषय आपल्याकडं रंकाळ्यावर भेळ खाताना निघतोच, आणि बहुतेक ग्रुपात तो पुढच्या भेटीपर्यंत तसाच राहतो. व्हिसा, तिकीट, घरची परवानगी ही सगळी नंतरची कारणं. खरं कारण असतंय की पैशाबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही. एकीला ३० हजार परवडतात, दुसरीला ७० चालतात, तिसरीला आकडा सांगायला लाज वाटते आणि चौथी म्हणते बघू की दिवाळीनंतर, असं करत वर्षं जातात. म्हणून मी हे पैशापासूनच सुरू करते, फिरायची ठिकाणं नंतर सांगते, कारण हा पहिला भाग नीट झाला तर बाकीचं सगळं लय सोपं आहे.

आधी चिठ्ठ्या टाका

चौघींनी एका संध्याकाळी एकत्र बसायचं आणि प्रत्येकीने एका चिठ्ठीवर एकच आकडा लिहायचा: घरात ताण न आणता, कुणाकडून उसने न घेता मी या ट्रिपवर जास्तीत जास्त किती खर्च करू शकते. नाव लिहायचं नाही. भिशीच्या चिठ्ठ्यांसारख्या घड्या करून वाटीत टाकायच्या, उघडायच्या, आणि सगळ्यात कमी जो आकडा निघेल तो चौघींचं बजेट. सरासरी काढायची नाही, "थोडं वाढवूया की गं" म्हणायचं नाही, आणि तो आकडा कुणाचा हे तर अजिबात शोधायचं नाही. जिच्याकडे जास्त आहेत तिने ते स्वतःच्या खरेदीला वापरावेत, पण खोली, जेवण, प्रवास, तिकिटं हे सगळं त्या कमी आकड्यात बसलं पाहिजे. मला हे मनापासून वाटतं की जवळच्या मैत्रिणींच्या ट्रिपमध्ये कुणी एकीने "मी बाहेर थांबते, तुम्ही जाऊन या" असं म्हणायची वेळ येऊ नये. आत जायचं तर चौघींनी, नाहीतर कुणीच नाही.

आकडा फारच कमी आला, म्हणजे २५ हजाराच्या आत, तर परदेश पुढं ढकला, सहा महिने अजून साठवा. हंपी आहे, गोवा आहे, तिथं मजा कमी येत नाही.

पैसे साठवायला भिशीसारखी पद्धत चांगली, फक्त नंबर काढायचा नाही, सगळी रक्कम एकत्र पडून राहू द्यायची. समजा आकडा ४० हजार निघाला तर दर महिन्याला ४ हजार, दहा महिने. प्रत्येकीने बँकेत आपापल्या नावाने आरडी काढली तर सगळ्यात बरं, एकीच्या खात्यावर चौघींचे पैसे ठेवले की तिच्या डोक्यावर उगाच ओझं. तिकिटाचे पैसे मध्येच लागणार हे लक्षात ठेवून विमानाचा भाग वेगळा काढून ठेवा.

४० हजारात काय बसतं ते सांगते. मुंबई ते बँकॉक जाऊन-येऊन २० हजार धरा, त्याच्या आत मिळालं तर सोडू नका. दोघींना एक अशा दोन खोल्या, एका खोलीला रात्रीचे १२०० बाट (बाट हे थायलंडचं चलन), तीन रात्री, तर दोन खोल्यांचे मिळून ७२०० बाट. हिशोबाला एक बाट म्हणजे तीन रुपये धरायचा, खरा भाव बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा थोडा कमी असतो त्यामुळं हातात उरतं. म्हणजे खोलीचे माणशी ५४०० रुपये. जेवण आणि शहरातला प्रवास रोजचा ७०० बाट, चार दिवसांचे ८४०० रुपये. देवळं-राजवाडा यांची तिकिटं १००० बाट म्हणजे ३ हजार. कोल्हापूर-मुंबई जाऊन-येऊन २ हजार. इन्शुरन्स आणि सिमकार्ड १२००. बेरीज करून बघा, बरोबर ४० हजार होतात. खरेदी यात धरलेली नाही, ती जिची तिने करायची.

चारच का म्हणाल तर एका टॅक्सीत चौघी बसतात, दोन खोल्या पुरतात, चार डिश मागवून वाटून खाता येतात, आणि रस्त्यात कधी दोन-दोन अशा फुटलात तरी कुणी एकटी पडत नाही. पाचवी आली की दुसरी टॅक्सी करावी लागते.

बँकॉकच का

मुंबईहून साधारण साडेचार तासाचं विमान, आपल्यापेक्षा घड्याळ फक्त दीड तास पुढं, रस्त्यावर ५०-८० बाटमध्ये पोटभर जेवण, मेट्रो आणि बोटीने सगळं शहर फिरता येतं. आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय यायला परवानगी दिली. पण किती दिवस राहता येतं, नियम तोच आहे का, हे त्यांचं सरकार अधूनमधून बदलतं, त्यामुळं तिकीट काढायच्या दिवशी थायलंडच्या दूतावासाच्या साईटवर स्वतः बघा, कुणाच्या रीलवर विश्वास ठेवू नका.

बँकॉक म्हटल्यावर घरात चेहरे बदलतात हे मला माहीत आहे, विशेषतः चार बायका एकट्या जाणार म्हटल्यावर. भांडत बसू नका. सासूबाईंना, आईला, वडिलांना बसवून नकाशा दाखवा, हॉटेलचं नाव-पत्ता-फोन कागदावर लिहून द्या, रोज रात्री अमुक वेळेला चौघींपैकी कुणीतरी एक फोन करेल हे ठरवा आणि ते पाळा. त्या शहरात रात्री नऊ-दहाला बायका एकट्या मेट्रोने घरी जाताना दिसतात, रस्त्यावरच्या गाड्यांवर बायकाच स्वयंपाक करत असतात, मेट्रो स्टेशनवर गार्ड असतात. मोठ्या शहरात जी काळजी घ्यायची ती घ्यायचीच, पण मला तिथं रात्री चालताना भीती वाटली नाही.

तारखा

इथं कोल्हापूरकरांनी आपलं कॅलेंडर आधी बघायचं आणि बँकॉकचं नंतर. आमच्या ग्रुपात एकीच्या घरी ऊस आहे, गळीत हंगामात तोड कधी येईल सांगता येत नाही, तोड आली की ती घर सोडून हलणार नाही, त्यामुळं तिची तोड होऊन गेल्यावरच तारीख धरायची हे आमचं ठरलेलं. नवरात्रात अंबाबाईची गर्दी, ज्यांचं दुकान महाद्वार रोडला आहे त्यांना तेव्हा जमत नाही. मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये. आणि जुलैचा शेवट ते ऑगस्ट हा काळ मी पूर्ण टाळायला सांगेन, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुराने पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ बंद पडला होता, विमान मुंबईत उभं आणि आपण पाण्याच्या अलीकडे अशी वेळ यायला नको.

बँकॉकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात बरी, पण ख्रिसमस आणि नववर्षाला सगळंच महाग. मार्च ते मे घामाच्या धारा, सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात जास्त पाऊस. दिवाळी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, किंवा फेब्रुवारीच्या मध्यात गेलात तर खिशाला आणि अंगाला दोन्हीला सोसतं. तीन रात्री ठरवताना त्यात शनिवार किंवा रविवार एक तरी येऊ द्या, चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो.

पासपोर्ट आणि नावांचा घोळ

पासपोर्टसाठी आता पुण्याला जावं लागत नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ऑनलाईन फॉर्म भरून अपॉइंटमेंट घ्यायची. ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २०००. वेळेत अर्ज केला तर ते २००० वाचतात आणि तेवढ्यात एक दिवस मस्त जातो. पासपोर्ट आहे पण त्याची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर आधी रिन्यू करा.

आता बायकांचा खास प्रश्न. आधारवर लग्नानंतरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, बँकेत तिसरंच, हे आपल्याकडं घरोघरी आहे. विमानाचं तिकीट पासपोर्टवर जसं नाव छापलंय अगदी तसंच काढायचं, आडनाव आडनावाच्या रकान्यात, मधलं नाव पहिल्या नावासोबत असेल तर तसंच. तिकीट काढणारीने चौघींच्या पासपोर्टचा फोटो समोर ठेवूनच टाईप करायचं, तोंडी विचारून नाही. नंतर नाव बदलायला गेलं की एअरलाईन पैसे लावते आणि डोकं फिरतं ते वेगळंच.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड हे १ मे २०२५ पासून सगळ्या परदेशी पाहुण्यांना भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन भरायचं आणि ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साईट असतात, त्यांच्यापासून लांब राहा, थायलंडच्या इमिग्रेशनची सरकारी साईटच वापरा. भरल्यावर येणारा क्यूआर कोड फोनमध्ये सेव्ह करा आणि चौघींचे प्रिंट काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, सोबत परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, इन्शुरन्सचा कागद. इमिग्रेशनवर विचारलं तर लगेच दाखवता येतं.

इन्शुरन्सवर पैसे वाचवू नका. काहीशे रुपयांत येतो आणि परदेशातल्या दवाखान्याचं बिल चौघींचं बजेट खाऊन टाकेल इतकं होऊ शकतं.

तिकीट काढताना बँकॉकचे दोन विमानतळ आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. जाताना एक आणि येताना दुसरा असंही होतं. आणि बजेट एअरलाईनमध्ये बहुतेक वेळा फक्त ७ किलोची केबिन बॅग मिळते. आमचा उपाय असा की चौघींनी केबिन बॅगच न्यायची आणि एकाच तिकिटावर एक चेक-इन बॅग विकत घ्यायची, त्यात चौघींचे शाम्पू, चटण्या, येताना खरेदी. त्या बॅगेचे पैसे चौघींत वाटायचे. पॉवरबँक मात्र प्रत्येकीच्या हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

मुंबई गाठणं

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री आपल्या शाहू महाराज टर्मिनसवरून निघते आणि सकाळी मुंबईत, दादरला उतरलं की विमानतळ सीएसएमटीपेक्षा जवळ पडतो. फक्त विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं असू दे, सकाळी दहाचं विमान धरून महालक्ष्मीवर विसंबून राहू नका. मध्ये जो दिवस मिळतो तो कुणाच्या तरी बहिणीकडे, मावशीकडे घालवा, अंघोळ-जेवण होतं. ट्रॅव्हल्सने जायचं असेल तर सातारा-कागल रस्त्याचं काम आणि पुण्याजवळचं ट्रॅफिक धरून तीन-चार तास जास्तीचे ठेवा. पुण्याहून बँकॉकचं थेट विमान बरोबर दरात मिळत असेल तर ते आपल्याला जास्त सोयीचं, तिकीट हजार-दीड हजाराने महाग असलं तरी मुंबईचा वेळ आणि टॅक्सी वाचते, दोन्ही हिशोब कागदावर मांडून बघा.

कुठं राहायचं

इथं एकच नियम: मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत. लांबच्या स्वस्त हॉटेलचे वाचलेले दोनशे बाट रोजच्या टॅक्सीत जातात. मला राच्चथेवी आणि फया थाई हा भाग सगळ्यात आवडतो, सुवर्णभूमीहून येणारी एअरपोर्ट रेल लिंक फया थाईलाच संपते आणि तिथंच बीटीएस म्हणजे स्कायट्रेन मिळते. प्रतुनामला कपड्यांचा होलसेल बाजार आणि भारतीय जेवण, पण गर्दी फार. सुखुमवितला नाना-असोककडे भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, पण नानाचे काही रस्ते रात्री बारचे आहेत, आईला व्हिडिओ कॉल करायचा असेल तर असोक किंवा त्याच्या पुढं बघा. खाओ सान स्वस्त खरं, पण स्कायट्रेनपासून लांब आणि रात्रभर गाणी.

बुकिंग करताना बायकांनी लिहिलेले रिव्ह्यू वाचा, लिफ्ट आहे का बघा, आणि पोचायच्या दिवशी बॅगा ठेवून घेतात का ते विचारून ठेवा, कारण भारतातून येणारी बरीच विमानं पहाटे उतरतात आणि खोली दुपारी दोनला मिळते. बाथरूमची काळजी असते ना आपल्याला, तिथं आपल्यासारखे जेट स्प्रे जवळपास सगळीकडे आहेत.

पैसे कसे न्यायचे, कसे ठेवायचे

थोडे रोख डॉलर, एक कार्ड, बस. अधिकृत फॉरेक्सवाल्याकडून पासपोर्ट आणि तिकीट दाखवून डॉलर घ्या, शंभराच्या कोऱ्या नोटा मागा, बँकॉकमध्ये मोठ्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव देतात. सुवर्णभूमीवर वरच्या मजल्यावरच्या बँकांच्या खिडक्यांवर सगळे बदलू नका, तळघरात जिथून रेल लिंक सुटते तिथल्या मनी चेंजरांकडे भाव बराच चांगला असतो. कार्डवर परदेशातला वापर ॲपमधून चालू करून ठेवा, तो मुळात बंद असतो. तिथल्या एटीएमला दर वेळी साधारण २२० बाट कापतात, म्हणून काढायचेच तर एकदाच आणि मोठी रक्कम. आणि मशीनने रुपयांत कापू की बाटमध्ये असं विचारलं की नेहमी बाट, रुपये निवडले की वाईट भाव लागतो. यूपीआयवर भिस्त ठेवू नका. भारतातलं सिम फोनमध्येच राहू दे, ओटीपी त्यावर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सामाईक पाउच. पहिल्या दिवशी प्रत्येकीने सारखी रक्कम, समजा १५०० बाट, एका पाउचमध्ये टाकायची. टॅक्सी, मेट्रो, पाणी, जेवण, फळं हे सगळं त्यातून. पाउच रोज दुसरीकडे द्यायचं, म्हणजे एकीवरच भार नाही आणि प्रत्येकीला कळतं की पैसे कुठं जातायत. संपले की पुन्हा सारखे टाकायचे. खोली आणि तिकिटांचे मोठे खर्च फोनवरच्या हिशोबाच्या ॲपमध्ये त्याच रात्री लिहायचे. "राहू दे गं, मी देते" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण तिसऱ्या वेळी ते ऐकणारीला टोचतं, त्यामुळं आम्ही ते बंदच केलंय.

फिरणं

विमानतळावरून रेल लिंकने फया थाईपर्यंत माणशी ४५ बाट, अर्धा तास. ती पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. पण चौघी असाल, बॅगा असतील आणि वेळ अडनिडी असेल तर मीटरची टॅक्सी घ्या, मीटरवर ५० बाट विमानतळाचे आणि टोल वेगळा द्यावा लागतो, चौघींत वाटलं की फार फरक पडत नाही. डॉन म्युआंगला उतरलात तर मो चितला जाणारी ए-१ बस ३० बाट, मो चितला स्कायट्रेन.

शहरात स्कायट्रेन आणि जमिनीखालची एमआरटी या दोन वेगळ्या कंपन्या, तिकीट वेगळं. एमआरटीला टॅप करायचं बँक कार्ड थेट चालतं.

मंदिरांचा दिवस नदीने करा, हे मी हात जोडून सांगते. स्कायट्रेनने सफान ताक्सिन स्टेशनला उतरायचं, खालीच साथोर्न धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट. कुठंही उतरा, १६ बाट. शेजारीच पर्यटकांची निळी बोट असते, तिचं तिकीट कितीतरी जास्त, नदी तीच. था चांग धक्क्यावर उतरून ग्रँड पॅलेस, सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद, तर साडेआठलाच दारात उभं राहा, दहानंतर ऊन आणि टूरच्या बस दोन्ही येतात. तिकीट ५०० बाट, महाग आहे, पण इथं वाचवू नका. १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने हा राजवाडा बांधायला घेतला, आजचे राजे दहावे राम. आत पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, त्यांच्या भाषेत रामाकियन, १७८ चित्रं. सोनेरी मुकुटातले राक्षस, पांढरा हनुमान, लंकेचं युद्ध, आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट दुसऱ्याच डोळ्यांनी बघायला मिळते. बहुतेक लोक फोटो काढून पुढं जातात, तुम्ही निवांत भिंतीकडेने चाला, ओळखा कुठला प्रसंग आहे, आम्हाला तिथून हलवेना.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, सैल. आपला सलवार-कुर्ता अगदी बरोबर, नुसत्या लेगिंगवर टीशर्ट असेल तर आत सोडत नाहीत. पॅलेसच्या बाहेर एखादा नीटनेटका माणूस गोड बोलून सांगेल की आज पॅलेस बंद आहे, पूजा चालू आहे, चला टुकटुकमध्ये दुसरी देवळं दाखवतो, फक्त वीस बाट. तो टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबतो. उत्तर न देता सरळ दारापर्यंत चालत जा.

तिथून चालत वाट फो, ३०० बाट, ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्यांची नक्षी. थाई मसाजची जुनी शाळाही याच देवळात. समोरच्या था तिएन धक्क्यावरून काही बाटमध्ये नदी ओलांडली की वाट अरुण, २०० बाट. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनही छान दिसतं. संध्याकाळी परत अलीकडच्या काठावर येऊन बसा, दिवे लागलेलं वाट अरुण फुकट बघायला मिळतं, त्याच्यासाठी रूफटॉपवर महागडं सरबत घ्यायची गरज नाही. परत जाताना सनाम चाय एमआरटी स्टेशन, ते आतून राजवाड्यासारखं सजवलंय, पाच मिनिटं थांबून बघा.

दुसरा दिवस मोकळा ठेवा. सकाळी लुम्फिनी पार्क, तलावाच्या काठाने भल्या मोठ्या घोरपडी फिरत असतात, तिकीट नाही. मग चित लोम स्टेशनजवळ एरावन, चौकातच ब्रह्मदेवाचं देऊळ, १९५६ सालचं, नवस फेडायला लोक नाचणाऱ्यांना पैसे देतात आणि त्या देवापुढं नाचतात. थोडं पुढं मोठ्या मॉलच्या अंगणात गणपती आणि त्रिमूर्ती, संध्याकाळी ऑफिस सुटलेल्या पोरी फुलं घेऊन हात जोडून उभ्या असतात. प्रतुनामवरून सेन सेप कालव्याची बोट पकडा, ही गावच्या लोकांची रोजची बोट, कंडक्टर बोटीच्या कडेने चालत तिकीट फाडतो, शेवटच्या धक्क्याजवळ वाट साकेत, तीनशेवर पायऱ्या पण गोल फिरत जाणाऱ्या आणि सोप्या, वरून जुनं शहर दिसतं. रात्री एमआरटीने वाट मंगकोन स्टेशन, म्हणजे यावरात, चायनाटाऊन, तिथं फक्त खायचं.

आणि पायाचा मसाज. गल्लोगल्ली दुकानं, तासाचे २५०-३०० बाट, दरपत्रक बाहेर लावलेलं असतं. दिवसभर चालल्यावर चौघींनी ओळीने खुर्च्यांवर बसून गप्पा मारायच्या, यासाठी बजेटमध्ये जागा ठेवाच.

खाणं

आपल्या ग्रुपात एक-दोन शाकाहारी असतातच आणि त्यांचे हाल व्हायला नकोत. अडचण मांसापेक्षा माशाच्या सॉसची, नाम प्ला म्हणतात, तो भाजीत, नूडल्समध्ये, सॅलडमध्ये सगळीकडे. "माय साय नाम प्ला" म्हणजे तो घालू नका. पूर्ण शाकाहारी हवं असेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षराची "जे" ची खूण शोधा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. जे जेवणात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळं आपल्या जिभेला फिकं लागतं. त्यासाठी घरची कोरडी शेंगदाण्याची चटणी चेक-इन बॅगेत न्या, सोबत जयसिंगपूरचं भडंग. सुकं खोबरं मात्र बॅगेत टाकू नका, विमानात त्याला बंदी आहे.

मांसाहारी मैत्रिणींनी डुक्कर किंवा गोमांस नको असेल तर "माय आव मू", "माय आव नुआ" एवढं पाठ करावं. मॉलमधली फूड कोर्टं रस्त्याइतकीच स्वस्त आणि स्वच्छ, एसी असतो, चौघींनी चार वेगळ्या गाड्यांवरून आणून मध्ये ठेवायचं. सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, "फेत" म्हणून सांगितलं की ते खरंच तिखट करतात, तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसालाही घाम फुटतो. त्यातही मासा असतो, शाकाहारींनी आधी सांगावं. आंबा आणि चिकट भात सगळ्यांना चालतो. सकाळचा नाश्ता कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये, पाणीही तिथूनच मोठी बाटली घेऊन आपापल्या बाटल्यांत भरायची. बोलताना शेवटी "खा" लावायचं, "खॉप खुन खा" म्हटलं की समोरची बाई हसतेच.

खरेदी आणि काही कडक गोष्टी

चतुचकला सकाळी नऊ-दहाला जा. हजारो दुकानं आहेत, आवडलं तर तिथंच घ्या, परत ते दुकान सापडत नाही. चौघींनी मिळून सहा-आठ कपडे घेतले की भाव पडतो, प्रतुनामला तर तीन नगांपासून होलसेलचा दर लावतात. बुद्धाच्या मूर्ती विकत घेऊ नका, देशाबाहेर न्यायला तिथल्या खात्याची परवानगी लागते.

ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, गंमत म्हणूनही जवळ नको. गांजाची दुकानं उघड दिसतात पण तुम्ही आत जाऊ नका, आणि त्यातलं काहीही, गोळी-चॉकलेट-तेल, भारतात आणलं तर सरळ तुरुंग. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात, त्यात कुणाचं तरी पार्सल आणणारे पण असतात. हॉटेलात, विमानतळावर कुणीही, अगदी मराठी बोलणाऱ्याने सुद्धा "एवढी बॅग न्याल का" म्हटलं तर नाही म्हणायचं. बॅग पूर्ण वेळ नजरेसमोर. काही अडचण आली तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, आणि आपला दूतावास सुखुमवित सोई २३ ला आहे, दोन्ही चौघींच्या फोनमध्ये आणि कागदावर पाहिजेत.

परत येताना

सुवर्णभूमीवर वरच्या मजल्यावरची हॉटेलं महाग, पण पहिल्या मजल्यावर आठ नंबर दाराजवळ कर्मचारी जेवतात ते फूड कोर्ट आहे, तिथं शहरातल्या भावात जेवण मिळतं, पाउचमधली नाणी तिथंच संपवा कारण नाणी कुणी बदलून देत नाही. मग इमिग्रेशन लवकर करा, आत समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे, देव एका बाजूला, दानव दुसऱ्या, मध्ये कासवावर विष्णू, आणि पळत पळत गेटला जाणाऱ्यांना ते नीट बघायला मिळत नाही.

मुंबईत पहाटे उतरलात तर सीएसएमटीहून सकाळची कोयना एक्सप्रेस, नाहीतर रात्री महालक्ष्मी, दोन्हीचं रिझर्व्हेशन जायच्या आधीच काढलेलं असू दे. आणि हिशोब गाडीतच संपवायचा. एकीने ॲप उघडून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणाला कुणी किती द्यायचे ते तिथल्या तिथं फोनवरून पाठवून टाकायचं. पाउचमध्ये बाटच्या नोटा उरल्या असतील तर त्या वाटू नका, तशाच एका पाकिटात घालून जिची पुढची आरडी पहिली सुरू होणार आहे तिच्याकडे ठेवा.